कावळा शिवला, असं तू म्हणालास

बा, तुझ्यावर मला संशय आहे. पन्नास वर्षं होत आली, तरी तो जात नाही. काल नातू माझ्या बाजूला बसून फोनवर झोंबींचा पिक्चर बघत होता. मेलेली माणसं उठतात, पाय ओढत येतात, दारं बडवतात. मी म्हटलं, "बाळा, सगळे सारखेच, मग परत परत काय बघतोस?" तर म्हणतो, "आजी, तू तरी कशाला बघतेस? माझ्यापेक्षा जास्त डोळे लावून तूच बसलीस." पोरगं मराठीत सुरू करतं आणि क्रेओलमध्ये संपवतं, पण बोललं ते खरं. मी बघत होते. गोष्ट नव्हते बघत, एकेक चेहरा बघत होते. ही खोड तुझी, म्हणून हे लिहायला बसले.

आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची. दहाव्याला पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची, ही रीत आपल्या लोकांनी कोकणातून बोटीने या बेटावर आणली. कावळा मात्र कुणी बरोबर आणला नाही. आपल्या सें पिएरला कावळा नाही, तो पोर्ट लुईच्या बंदराकडे. म्हणून गाव साळुंकीवर भागवायचं. साळुंकीने चोच लावली की मेलेल्याची इच्छा मागे राहिली नाही, जीव सुटला, चला घरी. तू कसला ऐकतोस. साखर कारखान्यात तू पाक उकळायचास. साहेबाच्या पाऱ्याच्या नळीतला आकडा काहीही सांगो, दोन बोटांत तार सुटलेली बघितल्याशिवाय तू पाक पुढे जाऊ द्यायचा नाहीस. पुजाऱ्याला तू तोंडावर म्हणालास, "साळुंकी काय, कुनाचंबी खाते. तिची साक्ष मी नाय धरनार." पुजारी म्हणाला, "अहो, सगळं गाव धरतं." तू म्हणालास, "गावाची बायको नाय मेली."

मग तू पिंड केळीच्या पानात बांधलास, टोपी घातलीस आणि सकाळच्या बसने एकटाच पोर्ट लुईला निघालास. मी येते म्हटलं तर नको म्हणालास. मला अजून ते स्वयंपाकघर दिसतं. चूल विझलेली आहे, आईचा पाटा भिंतीला टेकवून ठेवलाय, शेजारची काकी लसूण सोलत बसलीय, कारण हाताला काहीतरी हवं. दुपारी तू दारात येतोस. सगळ्या बायका मान वर करतात. तू एवढंच बोलतोस, "शिवला." कुठे, केव्हा, किती वेळ बसावं लागलं, काही नाही. मला तेव्हाच खटकलं. ज्याला पाकाची तारसुद्धा स्वतःच्या बोटांत बघावी लागते, तो माणूस एका शब्दावर घर गप्प करतो आणि चहा मागतो. चहा मीच केला. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

पुढे चार-पाच वर्षांनी गावातल्या पत्र्याच्या थिएटरात रविवारी दुपारचे झोंबींचे पिक्चर यायला लागले, फ्रेंच बोलणारे. जन्मभर सिनेमाला रिकामटेकड्यांचा धंदा म्हणणारा तू, तू दर रविवारी हजर. मी तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला लागले होते, सुट्टीचा एक दिवस, तरी मला बरोबर ओढायचास. वाटेत गातो पिमांचा, डाळीच्या गरम तिखट भज्यांचा, पुडा घेऊन द्यायचास, लाच म्हणूनच. पत्रा तापलेला असायचा, पोरं शिट्ट्या मारायची, पोरी किंचाळून एकमेकींच्या गळ्यात पडायच्या आणि मग हसायच्या. तू मात्र पुढे वाकून बसलेला. मी विचारलं, "बा, काय शोधतोस?"

"कोन कोन उठलंय ते बघतो."

"सगळे गोरे आहेत रे. त्यात आपलं कोण असणार?"

"कुनी कुठल्या वाटेनं येईल, सांगता येतं व्हय?"

तू चेष्टा करतोयस असं वाटलं, आणि त्याच जोरावर मी विचारून टाकलं, "बा, त्या दिवशी कावळा खरंच शिवला का?" तू माझ्या मांडीवरचा पुडा काढून घेतलास. "पडद्याकडं बघ," म्हणालास. चढ्या आवाजात नव्हे, पण असा, की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. परत येताना तू पिक्चरवरच चिडला होतास. म्हणालास, "गोळ्या कशापायी घालतात? घरचं मानूस परत आलंय. आधी विचारावं तरी, काय हवंय." लोक म्हणतात, भीतीची मजा घ्यायला ही चित्रं बघतात. मला नाही पटत. भीतीला एक पिक्चर पुरतो. दर रविवारी जातो तो वाट बघायला जातो.

तू गेलास त्या दिवशी काकी रडता रडता जुनं सांगायला लागली. तिची बहीण पोर्ट लुईच्या बाजारात भाजी विकायची, आईच्या दहाव्याला त्या बहिणीने तुला गोदीजवळ बघितलं होतं. "कावळ्यांना बोलवत होता गं बिचारा. पिंडापाशी उभा राहून सारखा टोपी हलवत होता." बायका पदर डोळ्यांना लावून हळहळल्या. माझं रडणंच थांबलं. टोपी हलवून कावळा येतो की पळतो?

तुला मुलगा नाही, म्हणून विधी पुतण्याने केला. साळुंकी आलीही होती. पण मी म्हटलं, माझ्या बाला साळुंकी चालायची नाही, दुसरा पिंड मी बंदरावर नेते. पुजाऱ्याने नाक मुरडलं, पण तू कसा होतास ते त्याला ठाऊक होतं. बसमध्ये पान मांडीवर, भाताची ऊब लुगड्यातून लागत होती. गोदीजवळच्या कट्ट्यावर पिंड ठेवला, चार पावलं मागे झाले. मी ठरवून गेले होते की खरं काय ते डोळ्यांनी बघायचं, तुझ्यासारखं एका शब्दावर भागवायचं नाही.

घरी आले, सगळ्यांनी मान वर केली. मी म्हटलं, "शिवला." आणि चहा मागितला.

बा, कावळा आला होता. पहिल्याच फेरीला आला, वाट बघायलाही लावली नाही. मान तिरकी करून भातापाशी टेकला, आणि माझा पदर माझ्या हातात कधी आला मला कळलं नाही. मी हाकलला त्याला. परत आला, परत हाकलला. शेवटी पिंड समुद्रात सोडला आणि बस धरली. चाळीस वर्षं तुला अडकवून ठेवलंय का, हे मला कुणी सांगत नाही, आणि विचारायचं तर सांगावं लागेल. तूही आईला असंच धरलंस ना? की मीच माझं पाप तुझ्या टोपीखाली ढकलतेय?

हे पत्र घडी घालून आईच्या पाट्याखाली ठेवते. यंदा पितृपंधरवड्यात भात घेऊन मेट्रोने बंदरावर जाईन म्हणते, या वेळी पदर कमरेला घट्ट खोचून. पण हात वर जाणार नाही, याची खात्री माझ्याकडे मागू नकोस.