कागदावर मी ‘पडल्यामुळे’ लिहिलं

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. बोरी अरबच्या शाळेत तुम्ही माझ्या इंग्रजीच्या वहीत मारलेली लाल रेघ मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. एसटी उलटून काकांचा हात मोडला, त्याला मी ‘वुंड’ लिहिलं होतं. तुम्ही मला भर वर्गात उभं केलंत. “अपघातात हाड मोडलं तर इंजुरी म्हणावं. चाकूनं, विळ्यानं चामडी फाडली तर ती वुंड. वुंडमागं बहुतेक कोणाचा तरी हात असते. कोणाचा, ते विचारत जा पोरी.” मी रडले होते. राग आला होता तुमचा.

आता मी उमरखेडकडच्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. आमच्याकडे चाल अशी, की पेशंटसोबतचा माणूस सांगेल तेच कारण कागदावर चढतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत विशीतली एक सून आली. दंडावर खोल, सरळ चीर. बोलला नवराच, “विहिरीच्या पायरीवर पडली जी.” मी तिलाच विचारलं. ती आधी त्याच्याकडे बघते, मग म्हणते, “हो न मॅडम, पडलीच मी.” दगडावर पडून अशी चीर पडत नाही, हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. टाके घातले आणि लिहून टाकलं: इंजुरी, पडल्यामुळे.

महिन्याभरात तिला परत आणलं, ते थेट पोस्टमॉर्टेमला. नवरा म्हणतो, पुन्हा पडली. त्याचा वकील कोर्टात माझाच कागद नाचवतो, हिचं पडणं नवीन नाही म्हणून. मी खरा जबाब दिला, तर मलाच विचारतात, मॅडम, खोटं तेव्हा लिहिलं की आता बोलताय? तो सुटणार, हे आता सगळ्यांना दिसतंय. काल तिची माय दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तुमाले तं दिसलं होतं न मॅडम? मंग काहून नाई लिवलं?” मी आत निघून गेले. लाज वाटते स्वतःची, आणि त्या लाजेचा कुणाला काडीचा उपयोग नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? सगळ्यांना मी सांगते, त्या दिवशी फार गर्दी होती, नवरा जागचा हटत नव्हता. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. गर्दी नव्हती. ती शेवटची पेशंट होती. बाहेर थांब म्हटलं असतं तर तो थांबलाही असता. मला जेवायला जायचं होतं, बाई.