औंदा पडीत

चंद्रपूर,
२७ मार्च २००८

प्रिय रंजीता,

हे पत्र तुझ्या आईबद्दल आहे. ती जिवंत आहे, दोन्ही वेळ जेवते आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. घरून तुला काही कळवलं नसणार. नर्सिंगची परीक्षा होईपर्यंत पोरीला सांगायचं नाही, असं तुझ्या बाबांनी ठरवलंय आणि मलाही शपथ घातली आहे. ती मी मोडते आहे. फोन केला असता, पण तुझ्या होस्टेलात फोनच्या मागे दहा पोरी उभ्या असतात, आणि हे सांगायचं तर लिहूनच सांगायला हवं.

मला नोकरी लागली तेव्हा 'झाडांची कंपनी' एवढंच मी कळवलं होतं, कारण मलाच धड समजलं नव्हतं. परदेशात काही लोकांची स्वतःची विमानं असतात, आठ-दहा खुर्च्यांची. आपण ऑटो करतो तसे ते विमान काढून जेवायला जातात. त्याचा धूर हवेत राहतो. मग तेवढा धूर पिणारी झाडं जगात कुठेतरी राखायची, की यांचं विमान धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. झाडं राखायचं काम कंपनीचं, आणि मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी करायचं काम माझं. कॉलेजात माझ्या इंग्रजीला तू पोट धरून हसायचीस, पण चंद्रपुरात तेवढ्यावर भागतं.

कंपनीला आलापल्लीकडे जागा हवी होती. तुमचं गाव मीच सुचवलं. तुमच्याकडे दोन दिवाळ्या जेवलेय, म्हटलं गावाचं भलं होईल, आणि खोटं कशाला बोलू, माझी नोकरीही पक्की होईल. गेल्या जूनमध्ये कंपनीच्या अजय साहेबांना घेऊन गेले. नागपूरचे आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. टेकडीखालची मोहाची झाडं असलेली जमीन त्यांना आवडली. तिथे कोणी काही करतं का, ते विचारा, असं त्यांनी मला सांगितलं. मी तुझ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, "पडीतच हाय पोरी, औंदा."

मी शहरातली असले तरी औंदा मला कळतं. या साली पेरायचं नाही, जमिनीला दम खाऊ द्यायचा, पुढच्या साली पुन्हा नांगर. मराठी कागदावर मी 'पडीत' एवढंच लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, ओसाड जमीन, गावातलं कोणी तिथे पाय ठेवत नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. पण औंदा लिहिलं तर जागा नापसंत होणार, हे मला ठाऊक होतं. तुझ्या बाबांनी कागद वाचलासुद्धा नाही. "आफ्रीननं लिवलं ना, मंग झालं," म्हणाले आणि सही केली. त्यांच्या मागून पत्रूभाऊ, लच्छूभाऊ, सगळ्यांनी केली.

दिवाळीनंतर मोहाच्या खोडांवर पत्र्याच्या पाट्या ठोकल्या. एकेका पाटीवर एकेका विमानाचा नंबर. पाट्या आमच्याच दुकानात अब्बूंनी कापल्या. गावात कालवा झाला, नंबर पडला म्हणजे झाड तुटणार. मी समजावलं की उलट आहे, आता या झाडांना कोणीही हात लावणार नाही. तुझ्या आईने विचारलं, "कोनीच नाई?" मी हसून हो म्हटलं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ती तुमच्या मोहाखाली गेली. फुलं वेचता यावीत म्हणून खालचा पाला झाडला, ढीग केला आणि पेटवला. हे तुला काय सांगायचं, तूही तिच्याबरोबर करायचीस. कंपनीच्या रखवालदारांनी तिथेच धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं. धूर किती, तर चुलीएवढा. पण कागद सांगतो, तिथे कोणी जातच नाही. मग ही बाई का गेली, आणि आग कोणासाठी लावली? जंगलातल्या आतल्या लोकांना, नक्षल्यांना, इशारा होता का, असं तिला कोठडीत चार दिवस विचारताहेत. ती एकच सांगते, "मोहा येचाले गेली होती, साहेब." आपल्याकडे या प्रश्नाचा अर्थ काय होतो ते तू जाणतेस. तुमच्या गावातल्या इतवारीचा भाऊ असाच थोड्या चौकशीसाठी गेला, त्याला तुरुंगात तिसरं वर्ष लागलं.

काल अजय साहेब अब्बूंच्या दुकानात आले. याआधी कधी आले नव्हते. स्टुलावर बसून चहा प्यायले, कापलेल्या पत्र्याच्या धारेवरून बोट फिरवत राहिले. मग मला म्हणाले, बाहेरगावी महिनाभराचं काम निघालंय, रविवारी गाडी घ्यायला येईल. कुठे, ते सांगितलं नाही. ते गेल्यावर अब्बू म्हणाले, "बेटा, चूप राह्य. तुही भैन अमरीन लहान हाय अजून." अब्बूंना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी कंपनीची जीप उभी आहे. मलाही भीती वाटते, रंजीता. फार वाटते.

सोमवारी तुझ्या आईला पुन्हा कोर्टात आणणार आहेत. मी तिथे जाऊन सांगणार आहे की तुझे बाबा 'औंदा' म्हणाले होते आणि तो शब्द मी मुद्दाम गाळला. पण सोमवारच्या आधी रविवार आहे. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टने टाकते आहे. परीक्षा राहू दे, मिळेल त्या गाडीने नीघ. कोर्टात मी दिसले तर हे फाडून टाक. नाही दिसले तर न्यायाधीशांच्याच हातात दे. मराठी कागद माझ्या हातचा आहे, शेजारी ठेवला की अक्षर जुळेल. मला माफ करायचं की नाही, ते तुझं तू नंतर बघ. आधी आईला घरी आण.

तुझीच,
आफ्रीन गफ्फार शेख
वय तेवीस, राहणार चंद्रपूर. वरचं सगळं मी शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिलं आहे.