नाथाचा तांबडा मफलर

एकाहत्तरच्या लढाईबद्दल धोंडीबांनी घरात कधी एक शब्द काढला नव्हता. त्यांची मुलगी शीला प्लास्टिकचे बोटभर जवान जोडून रंगवायची, तेव्हाही ते पेपरात डोकं घालून बसायचे. पण त्या दिवशी ती ऑफिसातून कोपरीच्या घरी आली, तर बाबा घरात नव्हते. टेबलावरचा एक जवानही नव्हता, आणि रंगाच्या डबीखाली चिठ्ठी होती.

"शीला,
न विचारता तुझ्या सामानाला हात लावला, रागावू नकोस. एका जवानाच्या गळ्यात मी तांबडा मफलर रंगवलाय. सवय नाही, त्यामुळे थोडा रंग हनुवटीला लागला. हा माझा दोस्त नाथा. मफलर त्याच्या आईने विणलेला. साहेब ओरडायचे, तरी पठ्ठ्या काढायचा नाही. तो माझ्या शेजारीच गेला गं. त्याच्या आईची, जनाबाईंची, खडवलीहून किती पत्रं आली. एकवीस वर्षांत मी एकालाही उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होतो? आज त्याला घेऊन त्यांच्याकडे जातोय. आमटी झाकून ठेवलीय, गरम करून घे. 
बाबा"

शीलाला जेवण गेलं नाही. दाराची कडी वाजली तशी ती धावली. बाबांचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा दिसत होता.

"काय म्हणाल्या?"

"ठेवून घेतला त्यांनी," धोंडीबा म्हणाले. "आणि विचारत होत्या, हा बनवणारी पोर कधी येतेय? रविवारी जाऊया का गं?"