भवानीचं गिऱ्हाईक

दांडी, मालवण
दिवाळीनंतरचा सोमवार, २००६

चि. दत्तप्रसाद यास सत्यवानकाकाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे मी आहे आणि गुडघे सोडून बाकीची तुझी काकी आहे. तुझा खोकला थांबला का? पुण्याच्या थंडीत कानाला रुमाल बांधत जा, ऑफिसात हसले तरी. तुझे घरमालक कसे आहेत? जिन्यात सुक्या बांगड्यांचा वास येतो म्हणून ते चिडलेत, आणि काकी एवढी पार्सलं का पाठवते, असं तू फोनवर विचारलंस. त्या विषयाकडे मी मागाहून येतो. आधी काकीच्या सुक्या मासळीच्या वेबसाइटचं.

तू ती फुकट करून दिलीस आणि देखणी केलीस, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. बंदर खात्यात मी आयुष्यभर कारकुनी केली, त्यामुळे नीटनेटकं काम मला लांबून ओळखता येतं. सुक्या सोड्यांचा फोटो तर असा आलाय की किरणच्या सायबर कॅफेत (मच्छीबाजाराच्या मागे, पूर्वी तिथे शिंपी बसायचा, अजून शिलाई विचारायला लोक येतात) तो पाहून मला भूक लागली. तू मला समजावलं होतंस की साइट युजर-फ्रेंडली हवी, म्हणजे गिऱ्हाइकाला कुणाला काही न विचारता, चार ठिकाणी बोट दाबून माल घेता आला पाहिजे. मी ते तुझ्या काकीला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "कोणाक काय इचारूचा नाय? मगे तो गिराक की चोर?"

तुला कृष्णाबाईकाकी बाजारातली आठवते. समोर टोपली, हातात पंखा, आणि आवाज जेटीवरून ऐकू येणारा. गुडघे गेले, डॉक्टरांनी जमिनीवर बसायला बंदी केली, आणि ती घरात खुर्चीवर आली. तेव्हापासून ती गप्प झाली रे. लग्न झाल्यापासून मी घरात जरा शांतता मागत होतो. ती मिळाली तेव्हा मला त्या शांततेचीच भीती वाटायला लागली. माणूस नुसतं भिंतीकडे बघत बसतं, आमटीत मीठ नाही म्हटलं तरी भांडत नाही. म्हणून मी तुझ्यामागे वेबसाइटचा लकडा लावला होता. सुकी मासळी विकली जावी हे आहेच, पण मला काकी पूर्वीसारखी हवी होती.

पहिली ऑर्डर ठाण्याहून आली. त्या सज्जनाने सोडे घेतले, लिहिलेली किंमत मान्य केली आणि एक अक्षर बोलला नाही. किरणने आनंदाने कागद छापून दिला. काकीने तो उलटा करून पाहिला, मागेही काही नव्हतं. "तेना भाव करूक नाय?" नाही म्हटलं. "मगे तेका सोड्यांतला काय कळता? माझो माल असल्या माणसाक नको." ती त्या दिवशी जेवली नाही. सोडे मी गुपचूप पाठवले.

मग माझ्या विनंतीवरून तू किमती काढून टाकल्यास आणि गिऱ्हाइकाने आपला भाव लिहावा अशी चौकट केलीस (तू हसलास, पण केलीस, हे मी विसरणार नाही). लोक भाव लिहू लागले. काकीचं उत्तर मी कॅफेत नेऊन किरणला सांगायचो, किरण ते टाइप करायची. आता "ह्या भावात तुका कालवांची शिंपलीसुद्धा गावाची नाय" हे वाक्य तोंडावर फेकलं तर गिऱ्हाईक हसून थोडं वर चढतं. तेच दुसऱ्या दिवशी लेखी मिळालं तर ते परत फिरकत नाही. याचा अनुभव आम्ही बराच घेतला.

त्यातून भवानीचा प्रश्न निघाला. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवस गेला, हे तुला सांगायला नको. बाजारात असल्या माणसाला काकी पार मारुतीच्या देवळापर्यंत हाका मारत राहायची. साइटवर सकाळी कोणीतरी येऊन नुसतं बघून गेलं, असं किरणच्या तोंडून निघून गेलं. "खंयसून इलो, खंय गेलो, कायच कळना नाय?" काकी दिवसभर मालाला शिवली नाही. म्हणून मग तू दिवसाच्या पहिल्या पाहुण्यापुरतं असं करून दिलंस की भाव लिहिल्याशिवाय पान बंदच होऊ नये. कल्पना उत्तम होती. पण साइट चालू आहे की नाही हे बघायला रोज सकाळी पहिली कोण उघडते? किरण. ती बिचारी सोमवारी शाकाहारी असते. दोन सोमवार तिने बांगडे घेतले, तिसऱ्या सोमवारी सरळ मेन स्विच बंद केला, आणि आत बसून रेल्वेचं तिकीट काढणारे खारेपाटणचे एक गुरुजी तिच्यावर अजून रागावलेले आहेत.

पण या सगळ्यात तुझ्या हातून एक काम फार चांगलं झालं. पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, तू आमच्या घरचा फोन नंबर टाकला होतास. वैभववाडीच्या एका बाईंनी तो शोधून काढला आणि फोन केला. काय भांडल्या दोघी! एकमेकींचं माहेर काढलं, दोनदा फोन आपटला, तिसऱ्यांदा सौदा झाला. त्या रात्री काकीने दोनदा भात घेतला आणि आमटीवरून मला बोलली. दत्तू, मला रडू आलं, पण आमटी तिखट होती म्हणून निभावलं.

आता फोन येतात, बहुतेक दुपारचे. सकाळची भवानी मात्र पुण्याचे एक निकेतराव करतात. नियमाने फोन करतात, घासाघीस करतात आणि शेवटी काकी म्हणेल त्या भावाला घेतात. त्यांची मनिऑर्डर पोस्टातून मीच आणतो, पार्सलही मीच नेतो. काकी त्यांच्याबद्दल एकदाच बोलली: "हो गिराक बायलेच्या धाकातलो दिसता."

तेव्हा माझी विनंती एवढीच, की साइटवरचं बाकी सगळं काढ आणि फोन नंबर पानभर मोठा कर. यापेक्षा युजर-फ्रेंडली मला तरी काही सुचत नाही.

तुझा,
सत्यवानकाका

ता.क. वासाबद्दल. निकेतराव म्हणजे मी. बाजारातल्या एसटीडी बूथवरून, तोंडावर रुमाल धरून बोलतो. सुरुवातीला मी माल आमच्याच माळ्यावर लपवत होतो, पण गल्लीतली मांजरं वर जाऊन बसू लागली. म्हणून तुझा पत्ता घातला. काकी पत्ते वाचत नाही. घरमालकांना थोडे बांगडे देऊन बघ.

ता.क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. सावंतवाडीला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. त्यानंतर काही दिवस डोळ्यावर पट्टी आणि घराबाहेर पडायला बंदी. तेवढे दिवस निकेतराव म्हणून सकाळचा फोन तू कर. पहिला भाव अर्ध्यावर सांग. ती रागावेल, रागावू दे. तिने सांगितलेला भाव एकदम कबूल करू नकोस, तिची तब्येत बिघडते.

ता.क. ३. पाकीट चिकटवायला भाताची शितं मागायला आत गेलो, तर काकी कोळंबी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या पुण्याच्या गिराकाक सांगा, डोळ्याची पट्टी सुटासर फोन करू नको. आणि दुसऱ्या कोणाक करूक लावू नको. तवसर मी भवानी कोणाकडसून घेवचंय नाय." मी शितं घेऊन बाहेर आलो.

तेव्हा तू फोन करू नकोस. साइटवर मात्र मोठ्या अक्षरात एवढं लिही: गिऱ्हाईक आजारी असल्यामुळे दुकान काही दिवस बंद राहील.