दहा मीटर खाली

३ एप्रिल
पोचलो एकदाचे! तलाव एवढा मोठा, की पलीकडचा काठ दिसत नाही. ठकी त्याला समुद्रच म्हणते. माझी ही सात वर्षांची लेक एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. क्वार्टर प्रयोगशाळेला लागूनच आहे. दोन खोल्या आणि ऐसपैस न्हाणीघर, त्यात चक्क टब. आम्हा मायलेकींना पुष्कळ झालं.

५ एप्रिल
काम समजलं. तलावाच्या तळाशी, दहा मीटर खाली, मातीच्या फरश्या ठेवलेल्या असतात. महिनाभरात त्यांच्यावर शेवाळ धरतं. पाणबुड्या त्या वर आणतो. मी टूथब्रशनं ते शेवाळ खरवडायचं आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचं. एवढं शिकून शेवटी घासणंच नशिबी! पाणबुड्या साठीचा, अबोल. ठकीनं पहिल्याच दिवशी त्यांना मामा करून टाकलं, तेव्हा मलाही ते मामाच. मामांनी एकच गोष्ट दोनदा बजावली: काम झालं की ब्रश उकळत्या पाण्यात टाकायचे, प्रयोगशाळेबाहेर न्यायचे नाहीत. मी मान डोलावली.

९ एप्रिल
काल प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नव्हतं. ब्रश घरच्या बेसिनवर धुतला आणि तिथेच विसरले. आज सकाळी पाहते तर ठकी त्यानंच दात घासतेय! पाठीत धपाटा घातला, दहा चुळा भरायला लावल्या. बया खिदळत होती. मामांना सांगितलं नाही. उगाच बोलणी कोण खाणार?

१४ एप्रिल
ठकीच्या हिरड्यांवर हिरवट थर आहे. पुसला की तासाभरात पुन्हा येतो. गावातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधा संसर्ग असेल, मिठाच्या गुळण्या करा. पोरगी जेवत नाही. भूकच नाही म्हणते. दिवसभर खिडकीतल्या उन्हात बसून असते. माझी ठकी, आणि बसून! मला भीती वाटतेय.

१७ एप्रिल
मामांना ब्रशचं सांगून टाकलं. त्यांनी हातातली फरशी खाली ठेवली. माझ्या आधी त्यांची बायकोच फरश्या घासायची. तिचंही असंच सुरू झालं होतं, म्हणाले. ती आता कुठे आहे, मी विचारलं. त्यांनी तलावाकडे पाहिलं. घरी येऊन सगळे पडदे ओढले. ऊन नाही तर शेवाळ वाढणार नाही.

१९ एप्रिल
चुकलं माझं. अंधारात ठकी गार पडली. ओठ पांढरे, श्वास अडकायला लागला. पडदे उघडले तशी पाच मिनिटांत शुद्धीवर आली. पापण्यांच्या आतून हिरवं. मी ढसाढसा रडले. तिनं नुसतं पाणी मागितलं. प्यायला नाही. बसायला.

२० एप्रिल
टबमध्ये आहे. पाण्याखाली. डोळे उघडे. केसांतून बारीक बुडबुडे येतात. बाहेर काढलं की गुदमरते. दोनदा काढली. तिसऱ्यांदा धीर होईना. डॉक्टरीणबाई न्हाणीघराच्या दारातूनच मागे फिरल्या.

२१, दुपार
आक्रसत चाललीय. टबातलं पाणी पुरत नाही तिला. मामा म्हणतात, ताई, सोडा तिला. तळाशी जगेल, इथे मरेल.
माझं पोर मी माझ्या हातानं—

२२, होडीत
सोडली.
पाणी नितळ, तळापर्यंत दिसतं. फरश्यांपाशी जाऊन बसली. हलत नाही.
शेजारी एक बाई. मामांची बायको असणार. पण बाकीचे? किती आहेत— सगळे बसलेले. ठकीला मध्ये घेतलंय.
मामा जोरात वल्हं मारताहेत. बघू नका म्हणतात—
वर बघितलं तिनं. हसली. तोंडात दात नाहीत, नुसतं हिरवं. तरी माझीच आहे.
हात करतेय. ये म्हणते.
एवढीशी पोर, एकटी कशी राहील त्या सगळ्यांत—
वही फळीवर ठेवते. बूट काढ