गायीचे दूध कोण ओढते

बुधवार, १२ फेब्रुवारी १९८६. पहाट.
दूध अर्धा शेर. सोमवारी पाऊण होते. रविवारी चामोर्शीचे गुणवंतराव घर आणि गाय पाहायला येणार. दारात दुभती गाय नसेल तर ते आपली मुलगी कांता मला देणार नाहीत. कोणीतरी जादूटोण्याने दूध ओढते आहे. शेजारच्या सुगंधाबाईवर वहीम. काल तिने गोठ्याकडे दोनदा पाहिले. वेळा टिपल्या. तिचा हात मोडण्याचा निश्चय.

दुपार.
तिची कोंबडी अंगणात आली. हेर असणार. लाथ घातली, उखळाला लागली. अंगठ्याचे नख गेले. सुगंधाबाई कुंपणावरून म्हणाली, "चार दिसांपासून माह्या घराकडे पाहून राह्यला. लगन माह्यासंगच लावतं का गा?" तिचे बोलणे वेळेसह टिपले.

गुरुवार, १३.
पाव शेर. पुजारी मंगरूकडे गेलो. उपाय शुद्ध अक्षरात उतरवला. शनिवारी दिवस निघताना दुधात बाभळीचे काटे उकळायचे. मग दारात येऊन जो पहिला काही मागेल, तोच दूध ओढणारा. काठीने रक्त काढले की जादूटोणा तुटतो. मारताना तोंड पाहायचे नाही, नाहीतर हात बांधला जातो. आई म्हणाली, "अरे, गाय तं..." बोलू दिले नाही. घरात चर्चा मना आहे.

शुक्रवार, १४.
जेमतेम वाटीभर. काट्यांसाठी ठेवले. तेंदूची काठी तासली, तेल लावले. केळीवर सराव, वीस वार. केळ मेली. मन शांत.

शनिवार, १५. सकाळी ७.१०.
काटे उकळले. दाराआड उभा. बाहेर धुके. आवाज आला, "विस्तव हाये का जी घरात? बिडी पेटवाची होती." आवाज पुरुषाचा, पण सुगंधाबाई सोंगे घेते. डोळे मिटून हाणले. रक्त निघाले. पुष्कळ. दुसरा वार खांद्यावर. विजय.

७.२५.
गुणवंतराव आहेत. एक दिवस आधी आले. पत्र पाठवायला हवे होते, चूक त्यांचीही आहे. सुगंधाबाईने धावत येऊन त्यांच्या डोक्यावर हळद दाबली आणि माझी काठी मलाच हाणली. दोन दात हलतात.

सोमवार, १७. दवाखाना.
गुणवंतरावांना नऊ टाके. पाया पडलो. जादू तुटली, गाय आता दूध देईल, असे सांगितले. ते हसले, टाके दुखले, मग आईवरून शिवी दिली. म्हणाले, "सात महिन्यांची गाभण हाये थे गाय. आटनारच. गोठ्यात पाह्यलं अन् सोयरीक पक्की कराले दारात आलो होतो." मी विचारले, मग आता?
म्हणाले, "गाय पसंत हाये. पोरगा नाई."