भिंगरीच्या गोळ्या आणि दादांच्या खिशातील किल्ली

स्वस्ति श्री. अखिल-कुलूप-मंडलाधीश, अर्धदुरुस्त-तिजोरी-प्रतिपालक, विस्मृत-छत्री-सम्राट असा मी, व्यवसाय कुलूपदुरुस्ती, वय वर्षे एकोणपन्नास, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहितो. थोड्याच वेळात माझे हृदय उघडण्यात येईल. तत्पूर्वी माझी अवधानाची गोळी डॉक्टरांनी थांबवली आहे. बुद्धी शाबूत आहे, अवधान तेवढे रजेवर आहे. या दोन गोष्टी भिन्न असल्याची साक्ष डॉक्टर खाली देत आहेत, कारण माझे ज्येष्ठ बंधू (यापुढे ‘दादा’) काल याच खाटेपाशी म्हणाले, "डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्याचं मृत्युपत्र कोण मानतो रे?"

१. माझी कन्या (यापुढे ‘भिंगरी’) हिची आई हयात नाही. सबब तिचे पालकत्व व घराची विश्वस्तता माझ्या धाकट्या भगिनीकडे जावी.

२. भिंगरीलाही माझाच लक्ष न टिकण्याचा विकार आहे. तिचे उपचार अखंड चालावेत. गोळी न्याहारीनंतर, भूक, झोप, वजन यांवर लक्ष, मात्रा ठरवणे केवळ डॉक्टरांचे काम. शाळेत पुढचा बाक, गृहपाठाचे लहान तुकडे. पालकांचे वर्तन-प्रशिक्षण भगिनीने पूर्ण करावे. मी त्यात नापास नाही. एकदा चुकीच्या मजल्यावर जाऊन शिवणवर्गात बसलो होतो, इतकेच.

३. दादांस माझी आरामखुर्ची. "दोन फटके द्या, सरळ होईल," हे भिंगरीचे निदान त्यांनी तिच्यातच पहुडून केले. बालपणी हाच उपचार माझ्यावर यथासांग झाला. गुण आला नाही.

४. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता, वाचताक्षणी अंमलात आणावे. काल दादांनी भिंगरीच्या गोळ्या घरच्या लोखंडी कपाटात कोंडून किल्ली खिशात घातली आणि इथे येऊन मला सुनावले, "तू आत गेलास की ही थेरं बंद!" भगिनी, घाबरू नकोस. माझ्या समुपदेशिकेने "घरात शिरलात की किल्ली इथेच" असे बजावून दारामागे जी निळी खुंटी ठोकून घेतली, जिला दादा बालवाडीची खुंटी म्हणतात, तिच्यावर त्या कपाटाची दुसरी किल्ली आहे. गोळीने मला एका जागी बसवले, खुंटीने किल्ल्यांना. दोन्ही लागतात. आजची गोळी चुकली, उद्या सकाळची चुकू नये.

५. माझी हत्यारे भिंगरीस. कुलूप उघडायला बसली की तिला हाकही ऐकू येत नाही. हेही डॉक्टरांना सांगावे.

स्वाक्षरी : कुलूपवाला
साक्षीदार : १. मनोविकारतज्ज्ञ २. वॉर्डाच्या परिचारिका
स्थळ : रुग्णालय, खिडकीजवळील खाट
दिनांक : १४ मार्च (परिचारिकेस विचारून)

ता. क. इथल्या खाटेशेजारील कपाटाच्या बिजागरीचा वरचा स्क्रू ढिला असून दार आपोआप उघडते. स्क्रूड्रायव्हर मागितला. परिचारिका म्हणाल्या, "काका, स्ट्रेचर आलंय. आधी स्वतः दुरुस्त होऊन या!" स्क्रूड्रायव्हर अद्याप मिळालेला नाही.